ड्रायरचा कट-आउट ‘डायरेक्ट’ करून घेऊ नका

संपादक महोदय,

आषाढाची झड लागली की नागपुरात दोन-दोन, तीन-तीन दिवस ऊन दिसत नाही. दोरीवरच्या कपड्यांना कुबट वास येऊ लागतो. ज्यांच्या घरी कपडे वाळवण्याचे यंत्र आहे ते अशा वेळी दिवाळीपासून झाकून ठेवलेला ड्रायर उघडतात, आणि त्याच आठवड्यात ‘ड्रम फिरतो, पण गरम होत नाही’ ही तक्रार शहरभर सुरू होते. या तक्रारीवर सर्रास केला जाणारा एक उपाय धोक्याचा आहे, म्हणून हे पत्र. हवा तापवणाऱ्या एलिमेंटजवळ बसवलेला, उष्णता फार वाढली की वीज तोडणारा कट-आउट काढून टाकायचा आणि त्याच्या दोन तारा एकमेकींना जोडून द्यायच्या. बाजारात याला ‘डायरेक्ट करणे’ म्हणतात. यंत्र लगेच गरम होते, ग्राहकाचे समाधान होते, काम दहा मिनिटांत संपते. कट-आउट कशामुळे उडाला हे मात्र कोणी पाहिलेले नसते. ते कारण यंत्रात तसेच राहते आणि त्याला अडवणारे काहीच उरत नाही.

आधी एक घोळ मिटवायला हवा. सेमी-ऑटोमॅटिक मशीनमधल्या पिळणाऱ्या छोट्या टबालाही आपल्याकडे ‘ड्रायर’च म्हणतात. त्यात गरम करणारा भाग नसतोच, तो फक्त जोरात फिरवून पाणी काढतो. हे पत्र गरम हवेने कपडे वाळवणाऱ्या यंत्राबद्दल आहे. त्यातही हीट पंपवर चालणारे यंत्र असेल तर त्यात फ्रिजसारखा कॉम्प्रेसर असतो, त्यामुळे एलिमेंट शोधत बसू नये. धुणे आणि वाळवणे एकाच यंत्रात असेल तर मात्र एलिमेंट दोन असतात. पाणी तापवणारा खाली टबात असतो आणि हवा तापवणारा वरच्या हवेच्या मार्गात. बोअरवेलच्या जड पाण्याने खालच्यावर क्षाराचा थर चढतो, वरच्यावर कपड्यांचे तंतू जळून चिकटतात. दोघांची दुखणी वेगळी आणि सुटे भागही वेगळे. दुकानात नुसते ‘हीटर द्या’ म्हटले तर चुकीचा भाग हाती पडतो.

यंत्र उघडण्याआधी ते खरेच बिघडले आहे का, हे पाहावे. पाच किलो सुती कपडे मिनिटाला १००० फेऱ्यांवर पिळले तरी त्यांत सुमारे तीन लिटर पाणी उरते. कमी फेऱ्यांवर पिळले तर साडेचार-पाच लिटरही उरू शकते. एक लिटर पाणी कपड्यांतून उडवायला घरगुती ड्रायरला साधारण एक युनिट वीज लागते. म्हणजे दोन हजार वॅटचे एलिमेंट पूर्ण ठीक असले तरी नीट पिळलेल्या पाच किलो कपड्यांना दीड तास लागणारच, आणि न पिळलेल्यांना अडीच. चाळीस मिनिटांनी कपडे ओले निघाले म्हणून एलिमेंट गेले, असे होत नाही. टायमरची शेवटची पाच-दहा मिनिटे बहुतेक यंत्रांत मुद्दाम थंड हवेची असतात. त्या वेळी हात लावून ‘गरम नाही’ म्हणणेही चुकीचे.

घरी कोणतेही हत्यार नसले तरी एक तपासणी करता येते. विजेच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो हा आकडा मीटरवरच छापलेला असतो. समजा तो ३२०० आहे. घरातले बाकी सगळे बंद करून फक्त ड्रायर उच्च तापमानावर लावावा आणि एक मिनिट मोजावे. एलिमेंट आणि मोटर दोन्ही चालू असतील तर भार सुमारे २२०० वॅट, म्हणजे मिनिटाला ११५-१२० वेळा दिवा लुकलुकेल. फक्त मोटर चालत असेल तर जेमतेम दहा-बारा वेळा. मधला आकडा, म्हणजे साठ-पासष्ट, आला तर एलिमेंटच्या दोन वेटोळ्यांपैकी एकच काम करते आहे असा संशय घ्यावा. नाजूक कपड्यांसाठी एक वेटोळे आणि सुती कपड्यांसाठी दोन्ही, अशी रचना बऱ्याच यंत्रांत असते. मीटरवर नजर ठेवताना मधेच दिवा मंदावून पुन्हा वेगाने लुकलुकू लागला तर घाबरू नये, हवा पुरेशी तापली की एलिमेंट तोडणारा आणि थंड होताच पुन्हा जोडणारा थर्मोस्टॅट आपले काम करतो आहे.

विजेचा दाबही पाहावा. एलिमेंटची ताकद दाबाच्या वर्गाने कमी होते. २३० व्होल्टला २००० वॅट देणारे एलिमेंट १९० व्होल्टला साडेतेराशेच्या आसपासच देते. यंत्र बंद असताना सॉकेटवर २२८ आणि चालू करताच २०५ दिसत असेल तर दोष यंत्रात नाही. सॉकेट, वायर किंवा मुख्य बोर्डातला एखादा सैल स्क्रू मधेच वीज खातो आहे, आणि तिथे गरम होतो आहे. ड्रायरला १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट आणि किमान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी. एक्स्टेंशन बोर्डावर तो लावूच नये. प्लगची पिन काळवंडली असेल किंवा टॉप पिवळा पडून मऊ झाला असेल तर प्लग आणि सॉकेट दोन्ही एकदम बदलावेत. जुन्या सॉकेटमध्ये नवा प्लग घातला तर तोही महिनाभरात तसाच होतो.

आता पहिल्या पावसातल्या त्या खास तक्रारीकडे. यंत्र सुरू करताच घरातला आरसीसीबी, म्हणजे वीज कुठे झिरपली की पुरवठा तोडणारा बोर्डातला स्विच, ज्याला बरेच जण अजून ईएलसीबी म्हणतात, खाली पडतो. एलिमेंट नळीचे असेल, म्हणजे बाहेर धातूची नळी आणि आत वेटोळे अशा प्रकारचे असेल, तर नळीत तार आणि धातू यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासून भरलेली असते. ही पूड वीज अडवते पण उष्णता जाऊ देते. तिचा एकच दुर्गुण, ती हवेतला ओलावा ओढून घेते. टोकांची सीलबंदी जुनी झाली आणि यंत्र महिनोन्‌महिने वापराविना पडले की जूनच्या दमट हवेत ओलावा आत शिरतो. मग तारेतून नळीत वीज झिरपते. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला पडायला एवढे पुरते. अशा वेळी आरसीसीबीच काढून टाकणे हा ‘डायरेक्ट’चाच दुसरा प्रकार, आणि तो तर थेट जिवावरचा आहे.

साधा मल्टिमीटर ही गळती अनेकदा दाखवत नाही, कारण तो नऊ व्होल्टच्या बॅटरीवर मोजतो. ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे जास्त दाब देऊन गळती मोजणाऱ्या उपकरणाने, एलिमेंटचे टोक आणि नळी यांच्यामध्ये मोजावे. नवे एलिमेंट शेकडो मेगाओहम दाखवते. एक मेगाओहमच्या खाली आले तर ते एलिमेंट तसेच यंत्रात परत बसवू नये. नळीला कुठे फुगवटा, तडा किंवा काळा डाग नसेल तर एलिमेंट बाहेर काढून ११०-१२० अंशांच्या ओव्हनमध्ये तीन-चार तास ठेवावे, थंड झाल्यावर पुन्हा मोजावे. नुसता ओलावा असेल तर आकडा वर येतो आणि टोके पुन्हा सील करून तेच एलिमेंट वापरता येते. आकडा वर आला नाही तर ते बदलण्यावाचून इलाज नाही. हा त्रास मुळात टाळायचा तर साधा उपाय आहे. उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा रिकामा ड्रायर पंधरा मिनिटे गरम चालवावा. ओलावा नळीत मुरण्याआधीच निघून जातो.

कट-आउट उडण्याचे कारण बहुतेक वेळा हवेत असते, विजेत नव्हे. पंखा खोलीतली हवा ओढतो, ती एलिमेंटवरून ड्रममध्ये जाते, कपड्यांतला ओलावा घेते, जाळीतून गाळली जाते आणि नळीवाटे बाहेर पडते. हा प्रवाह मंदावला की एलिमेंटची उष्णता जागच्या जागी साठते. मग आधी थर्मोस्टॅट तोडतो. त्याने वेळेवर तोडले नाही तर शेवटचा राखणदार म्हणून कट-आउट तोडतो. म्हणून एलिमेंट आणि कट-आउट दोन्ही बदलून जाळी तशीच ठेवली तर नवा भागही महिन्या-दोन महिन्यांत जातो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशातली गत.

जाळी प्रत्येक वेळी कपडे काढल्यावर साफ करावी, हे सगळ्यांना माहीत असते. साफ दिसणारी जाळीही बंद असू शकते, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. कपडे मऊ करण्यासाठी जे द्रव घालतात त्याचा पातळ चिकट थर जाळीवर बसतो. जाळी नळाखाली धरावी. पाणी आरपार न जाता वर साचले तर साबण आणि मऊ ब्रशने धुऊन, पूर्ण कोरडी करून मग बसवावी. ओली जाळी बसवली की त्यावर तंतूंचा लगदा होतो. हवा बाहेर सोडणारी नळी चार इंची असते. ती स्प्रिंगच्या प्लॅस्टिकची असेल तर तिच्या प्रत्येक वळीत तंतू अडकतात, त्यापेक्षा अ‍ॅल्युमिनियमची गुळगुळीत नळी चांगली. ती शक्य तितकी आखूड ठेवावी. काटकोनातला एकेक बाक म्हणजे हवेच्या दृष्टीने दीड मीटर नळी वाढवल्यासारखेच असते. नळीचे बाहेरचे तोंड वर्षभर उघडे राहिले तर कबुतरे तिथे घरटे करतात. बंद बाल्कनीत किंवा कोपऱ्यातल्या न्हाणीघरात यंत्र ठेवून नळी तिथेच सोडली, तर यंत्र स्वतःचीच दमट हवा पुन्हा ओढते. बाहेर आधीच हवा ओलीचिंब, त्यात ही भर, मग कपडे वाळायचे कसे? कंडेन्सर प्रकारच्या यंत्रात नळी नसते, पण खालचा कंडेन्सर बाहेर काढून नळाखाली आरपार धुवावा लागतो आणि पाण्याची टाकी दर वेळी रिकामी करावी लागते.

हवेच्या मार्गात सगळे ठीक असूनही कट-आउट उडाला असेल तर एक गोष्ट विचारावी. यंत्र गरम चालू असताना वीज गेली होती का? वादळी पावसात ती जातेच. पंखा थांबतो, पण तापलेले एलिमेंट लगेच थंड होत नाही. साठलेली उष्णता कट-आउटपर्यंत पोहोचते आणि तो उडतो. यात बिघाड काहीच नाही. मधोमध छोटे बटण असलेला कट-आउट असेल तर यंत्र पूर्ण थंड झाल्यावर, प्लग काढून, ते बटण दाबले की काम होते. बटण दाबूनही तो पुन्हा-पुन्हा उडत असेल तर मात्र कारण शोधायला हवे. वीज जाताच यंत्राचा स्विच बंद करून दार उघडून ठेवावे. उष्णता निघून जाते आणि वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरूही होत नाही.

यंत्र उघडायचे तर नुसता स्विच बंद करून चालत नाही. प्लग भिंतीतून काढून समोर दिसेल असा ठेवावा. मोटरच्या कपॅसिटरमध्ये विद्युतभार साठलेला असू शकतो. तो १० किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टन्सने काही सेकंद जोडून उतरवावा आणि मगच आत हात घालावा. पत्र्याच्या कडा धारदार असतात, म्हणून जाड सुती हातमोजे घालावेत. तारा सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढावेत, एक लांबून आणि एक जवळून. तारांचे रंग कंपनीगणिक बदलतात, रंगांवर विसंबून परत जोडणी करू नये.

एलिमेंट मोजताना त्याची किमान एक तार सोडलेली असली पाहिजे. नाही तर मल्टिमीटर दुसऱ्या वाटेने फिरून भलताच आकडा दाखवतो. मीटर २०० ओहमवर ठेवावा, आधी दोन्ही टोके एकमेकांना टेकवून येणारा आकडा वजा करावा. हिशेब सोपा आहे: दाबाचा वर्ग भागिले वॅट. २००० वॅटच्या एलिमेंटचा रोध (रेझिस्टन्स) २६ ओहमच्या आसपास यावा. कंपनीने वॅट २२० व्होल्टवर धरले आहेत की २४० वर, त्यानुसार तो २४ ते २९ असू शकतो. १५०० वॅटला साधारण ३५, २५०० वॅटला २१. हजार-हजार वॅटची दोन वेटोळी असतील तर सामाईक टोकापासून प्रत्येकी ५३ च्या जवळ. मीटर काहीच दाखवत नसेल तर तार तुटली आहे. आकडा दीडपट आला तर जोड जळलेला आहे. नुसता ‘बीप’ ऐकून एलिमेंट ठीक आहे असे ठरवू नये. बीप एवढेच सांगते की वाट आहे, वाट किती अरुंद आहे ते सांगत नाही. बऱ्याच मीटरांची बीप तर ३० ओहमच्या पुढे वाजतच नाही, आणि चांगले एलिमेंट उगाच फेकले जाते.

त्यानंतर कट-आउट आणि थर्मोस्टॅट. खोलीच्या तापमानाला दोन्हींचा रोध जवळजवळ शून्य यावा. कट-आउट उघडा दिसला तर तो उडालेला. पण तेवढ्यावर थांबू नये. रोजचा थर्मोस्टॅट कधी-कधी आतून चिकटून बसतो. तो उघडतच नाही, म्हणून दर वेळी कट-आउटला पुढे यावे लागते. खोलीत मोजला तर चिकटलेला थर्मोस्टॅट अगदी निरोगी दिसतो, इथेच बहुतेकांची फसगत होते. त्याला केस वाळवण्याच्या यंत्राने तापवून पाहावे. त्याच्या अंगावर छापलेल्या तापमानाच्या जवळपास ‘टक’ असा आवाज येऊन तो उघडला पाहिजे आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळला पाहिजे. म्हणून आमचा आग्रह असतो की कट-आउट उडालेला असेल तर थर्मोस्टॅटही सोबतच बदलावा. एलिमेंटच्या तुलनेत दोन्ही किरकोळ भाग आहेत. नव्या यंत्रांत थर्मोस्टॅटऐवजी तापमान सांगणारा सेन्सर असतो. तो तापवताना रोध सावकाश, सलग उतरत गेला पाहिजे. मधेच उडी मारली तर सेन्सर खराब.

कट-आउटच्या जागी ‘चालेल तो’ भाग टाकणे हेही टाळावे. अंगावर छापलेले तापमान तेच असले पाहिजे. सव्वाशे अंशांच्या जागी दीडशेचा बसवला तर यंत्र चालेल, पण मधल्या पंचवीस अंशांत तंतू करपू लागतील.

तुटलेल्या वेटोळ्याची दोन टोके पीळ देऊन जोडून देण्याची पद्धत अजून चालू आहे. ती कशी फसते हे सांगायला हवे. तुटलेला भाग कापला की तार आखूड होते, रोध कमी होतो आणि ताकद वाढते. दहावा हिस्सा गेला तर ताकद अकरा टक्क्यांनी चढते. शिवाय पीळ दिलेल्या जागी नीट स्पर्श नसतो, ती जागा इतर तारेपेक्षा जास्त लाल होते आणि तिथेच पुन्हा तुटते. तुटताना उडालेला तापलेला कण खाली साठलेल्या तंतूंवर पडला, तर पुढे काय होईल हे वेगळे सांगायला नको. सोल्डरचाही उपयोग नाही, नेहमीचे शिसे-कथिलाचे सोल्डर १८३ अंशांपासूनच पातळ होऊ लागते.

नवे एलिमेंट घेताना जुने सोबत न्यावे. वॅट, टोकांची संख्या, लांबी, स्क्रूची भोके, थर्मोस्टॅट बसवण्याची जागा, सगळे जुळले पाहिजे. जास्त वॅटचे घेऊन कपडे लवकर वाळतील हा समज चुकीचा आहे. पंखा तेवढीच हवा ढकलतो, मग वाढलेली उष्णता कट-आउटवर येते. सुटी तार असलेल्या एलिमेंटची वेटोळी ओढू किंवा दाबू नयेत. दोन वळसे एकमेकांना टेकले की तिथे तार लवकर जळते, पत्र्याला टेकले तर यंत्राच्या अंगात वीज उतरते. बसवण्याआधी ज्या पत्र्याच्या खोक्यात एलिमेंट असते ते आतून ब्रशने आणि व्हॅक्यूमने स्वच्छ करावे. पंख्याची पाती हाताने फिरवून पाहावी. लहान मुलांचा मोजा किंवा रुमाल तिथे अडकलेला सापडतो, आणि कधी पातीच दांड्यावर सैल झालेली असते. ड्रमच्या कडेची नमद्याची पट्टी झिजली असेल तर हवा बाजूने निसटते, ती आत्ताच बदललेली बरी. केसांच्या पिना आणि नाणीही ड्रमच्या भोकांतून तिथवर पोहोचतात.

तारांच्या टोकांचे लग, म्हणजे तार टोकावर पकडून ठेवणारे धातूचे तुकडे, हा या कामातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. एलिमेंटजवळचा लग तपकिरी किंवा निळसर झाला असेल तर त्याची पकड गेलेली आहे. तो तसाच नव्या एलिमेंटवर चढवला तर नवे टोकही जळते. तार जिथपर्यंत कडक झाली आहे तिथपर्यंत कापावी, ६.३ मिलिमीटरचा नवा लग चांगल्या क्रिम्पिंग पक्कडने दाबून बसवावा आणि ओढून पाहावा. एलिमेंटच्या शेजारची तार काच-धाग्याच्या किंवा सिलिकॉनच्या आवरणाचीच हवी. घरातल्या वायरिंगची साधी पीव्हीसी वायर ७० अंशांपर्यंतची असते, तिथे ती वितळते. हा सगळा माल सीताबर्डीच्या बाजारात मिळतो, दुकानदाराला ‘हीटरच्या जागेची वायर’ असे स्पष्ट सांगावे.

बंद करण्याआधी दोन मोजणी राहतात. एलिमेंटचे टोक आणि पत्रा यांच्यामध्ये रोध मेगाओहममध्येच असला पाहिजे. आणि यंत्राचा पत्रा आणि प्लगची अर्थिंगची पिन यांच्यामध्ये एक ओहमपेक्षा कमी. यंत्राची अर्थिंग ठीक असली तरी भिंतीतली ठीक असेलच असे नाही. महाल, इतवारीतल्या जुन्या वाड्यांमध्ये आणि काही भाड्याच्या खोल्यांमध्ये सॉकेटच्या मागे न्यूट्रलच अर्थिंगच्या टोकाला जोडलेला असतो. न्यूट्रल कुठे सुटला तर यंत्राचा सगळा पत्रा जिवंत होतो. ओल्या फरशीवर, ओले कपडे हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसासाठी याहून वाईट जागा नाही. परवानाधारक वायरमनकडून ही जोडणी तपासून घेतल्याशिवाय ड्रायर लावू नये.

मग रिकामे यंत्र दहा-पंधरा मिनिटे चालवावे. एका तारेभोवती चिमट्यासारखा लावून प्रवाह मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवर एलिमेंट आणि मोटर मिळून साडेनऊ-दहा अँपिअर दिसावेत, थर्मोस्टॅटने तोडल्यावर एक-दीड. नळीच्या नव्या एलिमेंटला पहिली काही मिनिटे तेलकट वास येतो, तो स्वाभाविक आहे. करपलेल्या कापसाचा वास आला तर मात्र तत्काळ बंद करावे. दोन-तीन वेळा थर्मोस्टॅट तोडतो आणि जोडतो हे पाहिल्याशिवाय मागचा पत्रा बसवू नये.

वसतिगृहे, रुग्णालये आणि मोठ्या लॉन्ड्रींमधल्या थ्री-फेज यंत्रांबद्दल एवढेच, की तिथे एक एलिमेंट गेले तरी यंत्र गरम होतच राहते, फक्त वेळ वाढतो. म्हणून महिन्यातून एकदा तिन्ही फेजचा प्रवाह मोजून वहीत लिहावा. तिन्ही आकडे सारखे नसतील तर दोष सापडलाच. मालिशचे तेलकट पंचे, स्वयंपाकघरातली तुपकट फडकी, गॅरेजचे कपडे गरम ड्रायरमध्ये घालू नयेत. धुऊनही उरलेले तेल उष्णतेने आणखी तापत जाते आणि यंत्र बंद झाल्यावर ढिगाच्या पोटात पेट घेऊ शकते.

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या काळातल्या घरगुती ड्रायरच्या आगींचा हिशेब मांडला होता. वर्षाला अंदाजे २९०० आगी, आणि सर्वांत पुढे असलेले कारण म्हणजे यंत्र साफ न करणे. तिथे ड्रायर घरोघरी आहेत. आपल्याकडे ते आत्ता कुठे वाढत आहेत, आणि बेसा, मनीषनगरसारख्या भागांतल्या नव्या फ्लॅटमध्ये, जिथे गच्ची वाट्याला येत नाही, तिथे जास्त. सवयी आत्ताच चांगल्या लागल्या तर बरे.

ग्राहकांना आमची विनंती आहे की दुरुस्ती झाल्यावर जुने एलिमेंट, जुना कट-आउट मागून घ्यावा. बिलावर एलिमेंटचा मोजलेला रोध, चालू यंत्राचा प्रवाह आणि कट-आउटवर छापलेले तापमान लिहून मागावे. जो कारागीर हे तीन आकडे लिहून देतो त्याने ते मोजलेले असतात. यापूर्वी कोणी आपल्या यंत्राचा कट-आउट ‘डायरेक्ट’ केला आहे अशी शंका असेल, तर मागचा पत्रा उघडून घ्यावा. एलिमेंटच्या खोक्यावर दोन तारा चिकटपट्टी गुंडाळून एकत्र दिसल्या तर नवा कट-आउट बसेपर्यंत यंत्र फक्त थंड हवेवर चालवावे.

कंपन्यांकडेही एक मागणी आहे. एलिमेंटचा रोध, कट-आउटचे तापमान आणि हवेच्या नळीची कमाल लांबी हे आकडे पत्र्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर मराठीत छापावेत आणि हे सुटे भाग अधिकृत सेवा केंद्राबाहेरही विकत मिळावेत. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले आहे, ते याच हेतूने. मूळ भाग मिळत नाही म्हणून कारागीर तारा जोडतो, हेही खरे आहे. भाग नाकारला गेला तर ग्राहकांनी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी, आणि तक्रारीत यंत्राच्या पाटीवरचा मॉडेल क्रमांक व हवा असलेल्या भागाचे नाव दोन्ही लिहावेत.

आपले,
घरगुती विद्युत उपकरणे दुरुस्त करणारे काही कारागीर,
नागपूर